पेडियाची (बालरोग विभागाची) पोस्टिंग सोमवारपासून, वॉर्डात नक्की काय असतं? (विदर्भातलं कॉलेज)

पंचगंगा_०३
नमस्कार मंडळी. मी एमबीबीएस थर्ड इयर, घर कोल्हापूरकडचं, सीट लागली विदर्भात एका सरकारी कॉलेजला (नाव नको). सोमवारपासून पेडियाची चार आठवड्यांची पोस्टिंग आहे. सेकंड इयरला दोन आठवडे झाली होती, पण तेव्हा आम्ही पंधरा जण एका खाटेभोवती आणि मी मागच्या रांगेत. समोरच्याच्या एप्रनची शिवण तेवढी दिसली, बाळ काही दिसलं नाही.

मेडिसिनची पोस्टिंग बरी गेली, आजोबांना कुठं दुखतंय विचारलं की सांगतात, न विचारलेलंही सांगतात. इथं पेशंट आठ महिन्यांचा, माझ्याकडं बघतो आणि भोकाड पसरतो. वर आई जे बोलते त्यातलं निम्मं मला कळत नाही. मागच्या वेळी एक बाई म्हणाली "लेकराची टायू बसली अन् डोये खोल गेले", मी हिस्ट्रीत लिहून मोकळी, "टायफॉईड?" जेआर (ज्युनिअर रेसिडेंट) मॅडमना हसू आवरेना, आता अख्ख्या बॅचमध्ये माझं नाव टायफॉईड पडलंय.

तर विचारायचं असं की रोज काय असतं, काय वाचून जाऊ, मुलं रडली की काय करायचं. आणि एक लपवत नाही, एखादं बाळ माझ्यासमोर गेलं तर काय, ह्याची भीती बसलीय.

वर्धेकाठचा
रुमाल टाकून ठेवतो. माझी पुढच्या महिन्यात आहे.

जेआर_दोन_झोप_शून्य
टायफॉईड ताई, मी तीच मॅडम नाही पण मीही हसले असते :)

मी पीजी आहे, सेकंड इयर. नाइट संपवून लिहितेय, शुद्धलेखन माफ करा. दिवस असा असतो, राउंड नऊला म्हणतात आणि सर पावणेनऊला उभे असतात, तुम्ही आठला आलात तर तुम्हाला खाट मिळेल, आई मिळेल, शांतता मिळेल, नऊला आलात तर परत कोणाच्या तरी एप्रनची शिवण. राउंड दीडदोन तास, मग ओपीडी नाहीतर क्लिनिक, दुपारी लेक्चर. एक सकाळ लसीकरणाची ओपीडी मागून घ्या, एक एसएनसीयूची म्हणजे आजारी नवजात बाळांच्या कक्षाची (काचेबाहेरून का होईना) आणि एक एनआरसीची म्हणजे पोषण पुनर्वसन केंद्राची. ह्या तिन्ही ठिकाणी विद्यार्थी फिरकत नाहीत कारण तिथं "केस" नसते म्हणे. खरी पेडिया तिथंच आहे.

आता तपासणी. मेडिसिनमध्ये डोक्यापासून पायापर्यंत क्रमानं शिकवलंय ना, ते इथं विसरा. बाळ आईच्या मांडीवर आहे, झोपलंय किंवा दूध पितंय, तोवर त्याला हात न लावता लांबूनच श्वास मोजा, पोटाकडं बघून, पूर्ण एक मिनिट. अर्धा मिनिट मोजून दुप्पट केलेलं मला लगेच कळतं कारण आकडा कायम सम असतो. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षभर ५० किंवा जास्त, वर्ष ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, हे जलद श्वास. हे आकडे झोपेत विचारले तरी यायला हवेत, खेड्यातल्या आशाताईंना येतात, तुम्हाला न येणं बरं दिसत नाही. छाती खालून आत ओढली जातेय का तेही तेव्हाच बघा. मग स्टेथो तळहातात धरून गरम करा (डिसेंबरात वॉर्डात तो बर्फासारखा असतो, ठेवला की पोरगं किंचाळतं, मग हृदयातला बारीक आवाज, मर्मर, गेला उडत), आधी हृदय आणि छाती, मग पोट. घसा आणि कान सगळ्यात शेवटी, कारण त्यानंतर तुमची आणि बाळाची मैत्री संपलेली असते.

वाचून काय जायचं तर वाढीचे टप्पे, लसींचं वेळापत्रक आणि वजन. जन्माला साधारण तीन किलो, पाच महिन्याला दुप्पट, वर्षाला तिप्पट, दोन वर्षाला चौपट. एवढं डोक्यात असेल तर खाटेवरचं दीड वर्षाचं सहा किलोचं पोर तुम्हाला आपोआप खटकेल. रोग नंतर वाचा, आधी हे खटकणं जमू द्या.

भीतीचं नंतर लिहिते, डोळे मिटतायत.

आर्वीवाला
अरे बाप्पा, कोल्हापूरची पोट्टी अन् वऱ्हाडी माय, इंटरव्ह्यूच हाये हा. ताई घाबरू नको, आमची भाषा काही जर्मन नाही. ळ काढ आन् य लाव, निम्मं काम फत्ते. डोळे डोये, शाळा शाया, टाळू टायू. टायू बसली म्हणजे डोक्यावरचा मऊ भाग खोल गेला, लेकरू सुकलं, डिहायड्रेशन. त्या माऊलीनं तुला डायग्नोसिस सांगतलं होतं, तू टायफॉईड लिहिला.

"करून राहिलं" म्हणजे आत्ता, ह्या घडीला चालू आहे. लेकरू हागून राहिलं म्हणजे जुलाब थांबले नाहीत. "पोट उडून राहिलं" म्हटलं की पेन ठेव आन् श्वास मोज, आईची धाप सांगायची पद्धत हीच. "दूध पेत नाई" हे ऐकलं तर पुढची हिस्ट्री राहू दे, जेआरले आवाज दे. काहीच न पिणं, प्यालेलं सगळं ओकणं, झटके येणं आन् लेकरू निपचित पडणं, ह्या चार गोष्टी धोक्याच्या. झटक्याले कोणी आकडी म्हणते कोणी मिरगी, डोये फिरवले म्हणते, हातपाय ताणले म्हणते. तू शब्दावर नको जाऊ, "करून दाखव" म्हण. माय करून दाखवते, अगदी कोणता हात आधी हलला तेही. व्हिडिओपेक्षा भारी.

आता खरी गोष्ट सांगतो जी कोणत्या सरांनी मला नाही सांगितली. "बाळ कितव्या महिन्यात बसलं?" असं विचारशील तर "बसलं बाप्पा टायमावर" हेच येईल. इकडं महिने सणात मोजतात. जन्म कधीचा विचार, कार्डावर तारीख असतेच, मग विचार पोळ्याले मान धरे का, दिवाळीत बसे का, संक्रांतीच्या वाणाले घेऊन गेली तेव्हा कडेवर ताठ होतं का, होळीत धरून उभं राहे का. तान्ह्या पोळ्याले लाकडी नंदी घेऊन दारोदार चालला का, हे दोनअडीच वर्षाच्या पोराचं माइलस्टोन आमच्याकडं कोणतीच माय विसरत नाही, कारण त्या दिवशी पैसे भेटतात. ज्यांचं घर कापसावर चालते त्यांना पेरणी, डवरणी, वेचा असं विचार. मी एका खिशातल्या डायरीत सणांसमोर इंग्रजी महिने लिहून ठेवले होते, फायनलले व्हायव्यात एक्स्टर्नल सरांनी ती डायरीच मागून घेतली पाहायला.

वर्धेकाठचा
सणांचं खतरनाक आहे. कॉपी केलं.

सिस्टर_बावीस_वर्षं
मी बालरोग वॉर्डाची सिस्टर आहे, नावावरून वर्षं कळली असतील. डॉक्टर लोक सगळे हुशारीचं सांगतायत म्हणून मी साधं सांगते.

वजन. काट्यावर बाळ ठेवण्याआधी काटा शून्यावर आहे का बघा. स्वेटर, टोपडं, दुपटं, कमरेचा करदोटा आणि त्यातली चांदीची पेटी, सगळं धरून वजन करणारे इंटर्न मी पाहिलेत. लहान मुलाचं जवळपास प्रत्येक औषध किलोवर असतं, वजन चुकलं की पुढचं सगळं चुकलं.

दुसरं, एमएल. पॅरासिटामॉल किलोला १५ मिलिग्रॅम हे सगळ्यांना पाठ. आठ किलोचं बाळ म्हणजे १२० मिलिग्रॅम. पण आईच्या पिशवीतून तीन बाटल्या निघतात. एकीत ५ एमएलला १२५, दुसरीत ५ एमएलला २५०, तिसरी ड्रॉप्सची, १ एमएललाच १००. म्हणजे तोच डोस पहिल्या बाटलीतून जवळपास ५ एमएल, दुसरीतून अडीचच्या थोडा खाली, ड्रॉप्समधून सव्वा एमएलच्या आत. आता घरी कोणी ड्रॉप्स चमच्यानं पाजले तर काय होईल करा हिशोब. म्हणून "ताप आल्यावर एक चमचा द्या" असं कोणाला सांगू नका. बाटली हातात घ्या, लेबल वाचा, टोपणावर पेनानं रेघ मारून द्या, इथपर्यंत.

खोकल्याचं औषध विचारतील. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये छिंदवाड्याकडची लेकरं किडन्या बंद पडून नागपूरला येत होती, सिरपात डायइथिलीन ग्लायकॉल निघालं, ते आमच्या भागात कोणी विसरलेलं नाही. दोन वर्षांच्या आत खोकल्या-सर्दीची औषधं द्यायची नाहीत आणि पाचच्या आतही शक्यतो नाहीत, असं त्यानंतर केंद्राकडून पुन्हा लेखी आलं. आया पिशवीतून अशी बाटली काढून दाखवतात, तेव्हा नाव लिहून घ्या आणि मोठ्या डॉक्टरांना दाखवा. फेकू नका.

आणि खाटेचा कठडा खाली केला तर वर करा. मुलाला "नऊ नंबर" म्हणू नका. हात धुवा, येताना आणि जाताना, नाहीतर पहिल्या आठवड्यात तुम्हालाच सर्दी-ताप येणार, तसा तो येतोच. कांजिण्या झाल्या नसतील, लसही घेतली नसेल तर आधीच मॅडमना सांगा.

स्टेथो_गळ्यात
रडणाऱ्या मुलांसाठी ग्लोव्ह फुगवून कोंबडा करून द्या, पाच बोटांचा तुरा, डोळे पेनानं. शंभर टक्के चालतं. आमच्या युनिटची सिग्नेचर आहे.

सिस्टर_बावीस_वर्षं
चालतं, आणि फुटला की तुकडा घशात जातो. रबराचा तुकडा श्वासनलिकेवर चिकटून बसला की काढता येत नाही हो. लहान मुलांच्या हातात फुगलेला ग्लोव्ह देऊ नका, लांबून नाचवा आणि परत खिशात टाका. आमच्या वॉर्डात बंदी आहे.

स्टेथो_गळ्यात
बापरे. हा विचारच केला नव्हता. सिग्नेचर रद्द.

चिमीची_माय
मी काही डॉक्टर नाई. माझ्या भाच्यानं हे वाचून दाखवलं, त्याच्याकडून टाईप करून घेऊन राहिली.

माह्या पोरीले मागल्या साली भरती केलं होतं, तिले सिकल आहे, रक्ताचा आजार, पोटातली पांथरी वाढलेली. पांथरी वाढलेली म्हणजे तुमच्या पोट्ट्यायसाठी जत्राच. सकाळी एक टोळी येई, दुपारी एक येई, संध्याकाळी दोघंतिघं हळूच येत, परीक्षा होती म्हणे त्यायची. एकेक जण पोट दाबे. कोणाचे हात थंड, कोणाचे नखं वाढलेले. फ्रॉक वर करत अन् तसाच सोडून निंघून जात. पोरगी चार वर्षाची आहे, तिले लाज नाई का. चवथ्या दिवशी कोणी पांढऱ्या कोटातलं दिसलं की ते खाटेखाली जाऊन बसे.

एकच पोरगी होती, चष्म्यावाली, थे आधी माह्या बाजूले बसली, पोरीचं नाव इचारलं, बाहुलीचंबी नाव इचारलं, आधी बाहुलीचं पोट पाह्यलं मंग चिमीचं. मले इचारलं, पाहू का. झाल्यावर फ्रॉक खाली केला, चादर टाकली. तिले पोरीनं स्वतःहून पोट दाखवलं. मी तिले सगळं सांगतलं, पहिल्यांदा हातपाय सुजले तेव्हा चिमी सात महिन्याची होती, गावातल्या डॉक्टरनं मार लागला म्हनून पट्टी बांधली होती, हे मी बाकी कोनालेच सांगतलं नव्हतं. कोनी इचारलंच नाई.

जेआर_दोन_झोप_शून्य
ताई, हात जोडते. आमच्याकडूनही हे होतं, नाही म्हणत नाही.

पोट्ट्यांनो, वरचं परत वाचा, त्यात एक अख्खं लेक्चर आहे. सहासात महिन्यांपर्यंत बाळाचं आईच्या पोटात असतानाचं हिमोग्लोबिन त्याला सांभाळून घेतं, ते उतरलं की सिकल डोकं वर काढतं आणि पहिली खूण बऱ्याचदा हीच, हाताची बोटं, तळवे-तळपाय सुजतात, बाळ हात लावू देत नाही. डॅक्टिलायटिस. विदर्भात सहा महिन्यांपुढचं बाळ दोन्ही हात सुजून आलं तर पट्टी बांधायच्या आधी सिकल आठवलं पाहिजे. आधी सोल्युबिलिटी, मग इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, ह्या रक्ताच्या तपासण्या, त्यावरून वाहक (एएस) की पीडित (एसएस) कळतं. २०२३ पासून राष्ट्रीय मिशन सुरू आहे त्यामुळे तपासण्या वाढल्यात, कार्ड घेऊन आलेले पालक दिसतील. पाच वर्षांपर्यंत पेनिसिलिन, फॉलिक अ‍ॅसिड, लसी, हायड्रॉक्सियुरिया हे वाचाच. आणि आईला पांथरी (प्लीहा, स्प्लीन) हातानं चाचपायला शिकवतात, कारण अचानक पांढरं पडलं आणि पोट डावीकडं फुगलं तर रक्त पांथरीत साठतंय, तासांचा खेळ असतो. विद्यार्थ्यांना पांथरी हाताला लागत नाही आणि चिमीच्या आईला लागते, असं आहे ते.

वाहक म्हणजे आजारी नव्हे, हे राउंडच्या गर्दीत मोठ्यानं नाही, शांतपणे सांगायचं. सासू शेजारी उभी असते. "कोणाकडून आलं" हा प्रश्न येतोच आणि तो सुनेकडं बघून येतो. एसएस असेल तर दोघांकडून आलंय, हे एक वाक्य सासूसमोर नीट बोललात तरी एखाद्या घरातलं भांडण वाचतं.

तर्कसंगत_माणूस
सगळे फारच गोड बोलताय. मी मेळघाटाच्या बाजूला इंटर्नशिप केली. दोन महिन्यांचं बाळ, पोट फुगलं म्हणून पोटावर तापल्या लोखंडानं डागलेलं. डंबा म्हणतात त्याला. आठ-दहा चट्टे. असल्या आईबापाला काय समजवायचं? सरळ पोलिसात द्यायला हवं. अंधश्रद्धा आहे, तिला अंधश्रद्धाच म्हणा, संस्कृती नका म्हणू.

घाटातला_डॉक्टर
तर्कसंगत, मी घाटातच नोकरी करतो, धारणी-चिखलदऱ्याच्या पट्ट्यात. डंबा मी तुमच्यापेक्षा जास्त पाहिलाय आणि तो वाईटच आहे, त्यावर आपलं भांडण नाही. पण एक सांगा, ते बाळ तुमच्यासमोर आलं कसं? आईनं आणलं. भुमकाकडं (गावच्या मांत्रिक-वैद्याकडं) जाऊन मग तुमच्याकडं आली, पावसात, नाला ओलांडून, आधीचं लेकरू घरी ठेवून. तुम्ही दारातच खेकसलात तर ती पुढच्या वेळी फक्त भुमकाकडं जाईल. तो खेकसत नाही ना.

मी काय करतो तर चट्टे दिसले की आधी त्यांच्याखालचं पोट बघतो. पोट फुगलं म्हणून डागलं म्हणजे पोट फुगलं होतं हे खरं, ते का फुगलं? न्यूमोनिया असेल, सेप्सिस (रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग) असेल, आतडं अडकलं असेल. डंबा हे आईनं दिलेलं लक्षण आहे, तारीख-वारासकट. "डागलं तेव्हा कसं होतं" विचारलं की आजार कधी सुरू झाला ते कळतं. कायद्याचं जे करायचं ते वरिष्ठ करतील, विद्यार्थ्यानं कागदावर स्वच्छ लिहावं, किती चट्टे, कुठं, किती दिवसांचे. आणि आईशी बोलायला कोरकू येणारी आशा किंवा मावशी सोबत घ्यावी. मला चार वर्षांत मोडकंतोडकं कोरकू आलंय, तरी मी मावशीला घेतोच, कारण आई माझ्याकडं बघून हो म्हणते आणि मावशीकडं बघून खरं सांगते.

तर्कसंगत_माणूस
मुद्दा पोहोचला, पण पोलिसाचं माझं मत बदललेलं नाही. त्या बाळाचं काय झालं ते मी लिहिलं नाही, लिहिणारही नाही.

घाटातला_डॉक्टर
समजलं.

गडचिरोली_रिटर्न
थोडं विषयाला धरून. घाटातल्या डॉक्टरांनी आशाचं नाव काढलं म्हणून. तुमची पोस्टिंग वॉर्डात आहे, पण वॉर्डात येणारं नवजात बाळ गावात आधी आशानं पाहिलेलं असतं. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडं ती ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जाते, घरी जन्मलं तर पहिल्या दिवशीही. ही पद्धत कुठून आली ते आपल्याच पोरांना माहीत नसतं. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग ह्यांच्या 'सर्च'नं गडचिरोलीच्या गावांत बायांना शिकवून घरीच नवजात बाळाची काळजी, जंतुसंसर्गावर इंजेक्शनसुद्धा, असा प्रयोग केला, १९९९ मध्ये तो लॅन्सेटमध्ये आला, त्या गावांतले नवजात मृत्यू साठ टक्क्यांहून जास्त खाली आले होते. देशभर आशा आज ज्या भेटी देते त्यांचं मूळ तिथं. म्हणून माता-बाल कार्ड हातात आलं की फक्त लसींचं पान नका बघू, भेटींचं पण बघा. कोणती भेट चुकली ते दिसलं की बाळ उशिरा का आलं ते बऱ्याचदा समजतं.

आणि सीझनबद्दल कोणी बोललंच नाही. थंडीत गेलात तर ब्राँकिओलायटिस आणि न्यूमोनिया, एका ऑक्सिजन पॉइंटला वाय जोडून दोन लेकरं. पावसाळ्यात जुलाब, डेंग्यू, स्क्रब टायफस (बारीक किड्याच्या चाव्यातून येणारा ताप; काखेत, जांघेत, कानामागं काळी खपली शोधा, आई आंघोळ घालताना पाहते पण सांगत नाही, तिला ती जखमच वाटते), आमच्या जिल्ह्यात मलेरिया, आणि साप-विंचू. जमिनीवर निजलेलं पोरगं पहाटे उठून पोट दुखतं म्हणालं, ओकलं, आणि पापण्या मिटायला लागल्या तर दंशाची खूण नसली तरी मण्यार डोक्यात आला पाहिजे. सापाच्या लसीचा डोस मुलाला मोठ्याइतकाच, कारण साप वजन बघून विष सोडत नाही. किलोवर न जाणारा हा डोस लक्षात ठेवा, व्हायव्यात विचारतातच. विंचवाला प्राझोसिन, महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांचं काम, १९८० च्या दशकातलं. घाम, थंडगार हातपाय, उलट्या असलं पोरगं पहिल्यांदा पाहाल तेव्हा कळेल, एका गोळीनं काय फरक पडला असेल.

फवारणीच्या दिवसांत कोल्ड्रिंकच्या बाटलीत ठेवलेलं औषध पिऊन आलेली पोरं पण असतात. रॉकेल प्यायलं असेल तर उलटी करवायची नाही, हे नातेवाइकांना फोनवरच सांगावं लागतं कारण ते रस्त्यातच मिठाचं पाणी पाजतात.

पंचगंगा_०३
मंडळी, पहिला आठवडा झाला. सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले, सिस्टरांचा तीनदा. काटा खरंच शून्यावर नव्हता! दीडशे ग्रॅम जास्त दाखवत होता. मला वाटलं सगळे कौतुक करतील, मावशी म्हणाल्या "तो काटा तसाच हाये, आम्ही दीडशे वजा करतो". मग एका इंटर्नला विचारलं तर त्याला वजा करायचं माहीतच नव्हतं.

एनआरसीला गेले. मला वाटलेलं तिथं नुसतं खायला घालतात. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली असलेलं एक लेकरू, पायावर सूज. मी म्हटलं एवढं सुकलंय तर सलाइन भरभर सोडू, तर आहारताईंनी अडवलं. त्याचं हृदय एवढं पाणी झेलू शकत नाही म्हणे, शॉक नसेल तर तोंडानंच, आणि दूधही आधी एफ-७५ (कमी ताकदीचं), जरा सावरलं की एफ-१०० (जास्त ताकदीचं). भूक परत येणं हेच औषध लागू पडल्याचं लक्षण. तिसऱ्या दिवशी त्यानं आहारताईंच्या हातातली वाटी ओढली, ताई ओरडल्या "खाल्लं रे", आणि सगळ्या आया बघायला आल्या. आईला बुडालेल्या मजुरीचे पैसे मिळतात तरी ती पाचव्या दिवशी जायचं म्हणत होती, वेचा सुरू झालाय. तिला थांबवायला मी काहीच बोलू शकले नाही. बोलायला होतं काय माझ्याकडं.

आर्वीवाले दादा, तुमची डायरी केली. होळीत जन्मलेलं बाळ, खोकल्यासाठी भरती. पोळ्याला मान धरे का विचारलं तर आई म्हणाली "धरे ना, पोळ्यालेच धराले लागलं". म्हणजे सहाव्या महिन्यात, उशिराच. संक्रांतीला वाणाला नेलं तेव्हा? "उशी लावून बसे." दहावा महिना. राउंडला मी हे सणांसकट सांगितलं, मागून कोणीतरी हसलं, सर हसले नाहीत. जन्माला रडलं का विचारा म्हणाले. मी विचारलं. उशिरा रडलं होतं, पाठीवर थापट्या मारून. खोकल्याच्या फाइलमध्ये हे कुठंच नव्हतं. आता न्यूरोची तपासणी आणि डीईआयसीला (वाढीत मागे पडलेल्या मुलांच्या केंद्रात) पाठवणार आहेत.

आर्वीवाला
वा टायफॉईड! नाव बदलाचं का आता?

पंचगंगा_०३
नको, राहू दे.

जेआर मॅडम, तुम्ही भीतीचं नंतर लिहिते म्हणाला होतात. काल रात्री एक गेलं. मी ड्युटीवर नव्हते, सकाळी खाट रिकामी दिसली.

जेआर_दोन_झोप_शून्य
हो, लिहायचं होतं, टाळत होते.

माझं पहिलं, इंटर्नशिपमध्ये. सेप्सिस, अकरा दिवसांचं. मी अंबू (हातानं श्वास द्यायची बॅग) दाबत होते, सरांनी हात थांबवला तरी मी दाबतच होते, तेव्हा त्यांनी बॅग हातातून काढून घेतली. मग मला बाहेर पाठवलं नाही, तिथंच ठेवलं. नळ्या काढायला लावल्या, पुसायला लावलं, सिस्टरनी टोपडं बांधलं. आईला दूध येत होतं, तिचं काय करायचं हे मला माहीत नव्हतं, सिस्टरना माहीत होतं. बाप शांत होता, फक्त विचारत होता की कागद किती वाजेपर्यंत होतील, कारण शेवटची एसटी पाचची. मी त्या दिवशी चार टेबलं फिरून ते कागद साडेचारला आणले. उपयोगी पडलेलं एवढंच आठवतं.

तुला सांगू का, सवय होत नाही आणि झाली नाही म्हणून काही बिघडत नाही. पण एकटी होस्टेलला जाऊन बसू नकोस. ज्यांच्या ड्युटीत झालं त्यांच्यासोबत चहा घे. त्या आईशी कोणी बोललं का ते विचार. आणि पाच-सात दिवसांनी झोप लागत नसेल, जेवण जात नसेल तर कॉलेजात सायकियाट्रीची ओपीडी आहे, मी गेलेय, कोणी फाइलवर शिक्का मारत नाही.

सिस्टर_बावीस_वर्षं
दूध काढून टाकायचं, छाती बांधायची नाही घट्ट, दुखतं आणि गाठी होतात. हळूहळू कमी काढत जायचं. तिला हे घरी पाठवण्याआधी सांगावं लागतं कारण घरी कोणी सांगत नाही. बाई, पुढच्या वेळी ड्युटीवर असशील तर माझ्याजवळ उभी राहा, सांगते.

पंचगंगा_०३
हो सिस्टर. उद्या सकाळी आठ.

सिस्टर_बावीस_वर्षं
पावणेआठ. नवीन काटा येणार आहे, लावायला कोणीतरी पाहिजे.